वरून सासू, खालून सून

वेताची खुर्ची विणायला दोन माणसं लागतात. एकट्याने विणता येत नाही असं नाही, पण एकट्याची वीण सैल बसते आणि वर्षाच्या आत खुर्चीचा खळगा होतो. एक माणूस वर बसतं आणि चौकटीच्या भोकातून ओल्या वेताचं टोक खाली सोडतं. दुसरं खाली जमिनीवर बसतं, ते टोक धरून ताणतं आणि शेजारच्या भोकातून वर पाठवतं. दोघांची ओढ जुळली की वीण अशी तंग होते की टिचकी मारली तर घुमते.

आमच्या गल्लीच्या टोकाला अशा दोन बायका होत्या. वर सासू, खाली सून. सासूला सगळी गल्ली वेतवाली म्हणायची. सुनेला वेगळं नाव द्यायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. वेतवालीची सून, एवढंच. ही गोष्ट त्या सुनेची आहे.

त्यांचं घर म्हणजे रस्त्याकडची एक मोठी खोली आणि मागे एक लहान. पुढच्या खोलीत छतापर्यंत खुर्च्या रचलेल्या असत. न्हाव्याच्या दुकानातल्या, दवाखान्यातल्या, कुणाच्या आजोबांची पाय पसरून बसायची लांब आरामखुर्ची. भिंतीशी पत्र्याचं लांबट टाकं, त्यात वेत भिजत पडलेला. त्या खोलीला बारा महिने ओल्या गवताचा वास यायचा आणि त्या दोघींच्या अंगालाही. बाजारात दोघी वेगवेगळ्या रस्त्यांनी गेल्या तरी एकाच घरच्या आहेत हे नाकाला कळायचं.

सून या घरात आली तेव्हा अंगाने अगदीच किरकोळ होती. सासूने दारातच तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "ही तर काडी आहे. वाऱ्याने उडाली तर शोधू कुठे?" तेव्हापासून ती काडी झाली. काडे, ओढ. काडे, झोपलीस का? काडे, आधी चहा टाक, मग बघू ही खुर्ची. माहेरी तिला हाक मारणारं माणूस उरलं नव्हतं. आई लहानपणीच गेली होती आणि बाप बोलण्यापेक्षा खाकरायचाच जास्त. त्यामुळे कुणी नाव ठेवून का होईना पण दिवसभर हाका मारतंय, याचंच तिला अप्रूप. सुरुवातीला चौकट मोकळी असते तेव्हा खालून वरच्या बाईचं अख्खं तोंड दिसतं. वेताचे उभे पदर पडले की त्यावर रेघा येतात, आडवे पडले की चौकोन होतात, आणि तिरपे पदर बसले की तोंडाचे नुसते ठिपके उरतात. सून हसून सांगायची, "सकाळीच सासूबाईंचं तोंड पोटभर बघून घेते, दुपारपर्यंत पुरवावं लागतं." दोघी कामाला बसल्या की शेजारच्यांना रेडिओ लावायची गरज नसे.

सासूचा एकुलता एक मुलगा, म्हणजे हिचा नवरा, खुर्च्या आणायचं आणि पोचवायचं काम करायचा. डोक्यावर चार खुर्च्या उलट्या घेऊन तो रस्त्याने यायचा तेव्हा लांबून चालतं झाड वाटायचा. पण ते झाड मूळ काही धरत नव्हतं. कुणीतरी त्याला जहाजावरच्या कामाचं सांगितलं. निघायच्या आदल्या दिवशी तो बायकोला म्हणाला, "आईला बोलू नकोस. ती रडली की माझे पाय अडतात. जम बसला की मीच कळवीन." नवऱ्याचा शब्द मोडायचा की सासूचा विश्वास, हे ठरवायला तिच्यापाशी एक दुपार होती. तिने त्याचा डबा भरला, कपडे बांधले, आणि तोंड मिटून ठेवलं. त्यांची पोरगी तेव्हा पाळण्यात होती.

सकाळी सासूने डब्याच्या फळीकडे पाहिलं.

"डबा कुठे गेला?"

"ते घेऊन गेले."

"कुठे?"

सुनेने सांगितलं.

"तुला कधीपासून माहीत?"

"कालपासून."

सासू उठली. टाक्याशी गेली, वेत पाण्यात सोडला, आणि तिने जी मिठाची गुळणी धरली ती धरलीच. मुलाचा एकदा कुठल्याशा बंदरावरून निरोप आला, धडधाकट आहे म्हणून. त्यानंतर काही नाही. गेला म्हणावं तर सांगावा नाही, आहे म्हणावं तर माणूस नाही. रडायलाही काही आधार लागतो, तोसुद्धा त्या घराला मिळाला नाही.

वेगळं होणं दोघींच्याही हातात नव्हतं. वेगळ्या झाल्या असत्या तर एकीला टोक मिळालं नसतं आणि दुसरीला ओढ. एका जुवाखालच्या दोन बैलांचं पटो न पटो, नांगर दोघांनीच ओढायचा असतो. तसं त्यांचं चाललं. सूनही आधी काही महिने बोलत राहिली. आई, जेवायला वाढू? आई, हा पदर सैल वाटतो का? उत्तर भिंतीला मिळायचं. "कुणाला भूक लागली असेल त्याने जेवावं." लेकी बोले सुने लागे म्हणतात. सासूला लेक नव्हती, म्हणून ती मांजरीला बोलायची. "मने, आमटीत मीठ पडलंय की मिठात आमटी?" मांजर बिचारी मिशा पुसायची आणि सून मागच्या खोलीत जाऊन डोळे.

पुढे मांजरीचं काम नातीने घेतलं. पोरगी बोलायला लागली ती 'सांग' हा शब्द शिकूनच. सांग तुझ्या आईला. सांग तुझ्या आजीला. ती निरोप्याचं काम करत मोठी झाली आणि त्यात तरबेज झाली. आजीने शिवी दिली की अर्धी गाळायची, आईने उत्तर दिलं की त्यात चिमूटभर साखर घालायची.

"आजी म्हणते, वेत अजून थोडा भिजू दे."

आजी खरं म्हणालेली असायची, "त्या आंधळीला सांग, वेत कोरडाठक्क आहे." आंधळीने ते आधीच ऐकलेलं असायचं, कारण ती खुर्चीखाली हातभर अंतरावरच बसलेली असायची. तरी ती मान वर करून पोरीकडून पुन्हा ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "बरं, म्हणावं."

असं करता करता पोरगी कॉलेजात गेली. शेवटच्या वर्षाला होती तेव्हा आजीचा आवाज बसला. आधी सर्दी वाटली, मग घसा धरला वाटलं, मग गिळताना दुखू लागलं. पोरगी तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली, मागोमाग सून गेली. डॉक्टर समजूतदार होते. त्यांनी कागदावर गळ्याचं चित्र काढून दाखवलं. गाठ आवाजाच्या जागीच आहे. काढली तर जीव राहील, पण आवाज राहणार नाही. पुढच्या आठवड्यात या.

सासूने तो कागद उलटा करून ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे मरताना बोलायचं ते आत्ताच बोलून घ्यायचं. बरं झालं, मरताना कुणी ऐकत नाही."

आणि ती खरंच बोलू लागली. घोगऱ्या, फाटक्या आवाजात दारापुढून जाईल त्याला थांबवून बोलायची. न्हाव्याला म्हणाली की त्याचा वस्तरा त्याच्या जिभेइतका चालला असता तर तो श्रीमंत झाला असता. भाजीवालीशी उगाच घासाघीस केली आणि शेवटी तिने सांगितलेल्याच भावाला घेतली. समोरच्या म्हातारीला बालपणीच्या कुठल्याशा भांडणांची आठवण करून दिली. नातीच्या केसांना तेल लावताना तर बोलणं थांबेना. जणू घर सोडायचं आहे आणि कणगीतलं धान्य वाटून मोकळं व्हायचं आहे. सगळ्यांच्या पदरात काही ना काही पडलं. एकीचा पदर तेवढा कोरडा राहिला.

एक दिवस टाक्यातलं पाणी बदलताना सून पोरीला म्हणाली, "एकदा मला हाक मारू दे तिला. काडे म्हणू दे, नाहीतर शिवी देऊ दे. पण माझ्याकडे बघून. मग तिचा आवाज गेला तर गेला. मी काय तो धरून ठेवणार आहे?"

पोरगी पाणी ओतत राहिली. पण डोकं तिचं चालूच होतं. कॉलेजात तिला एक छोटा चित्रपट करून द्यायचा होता, विषय होता वेगवेगळ्या पिढ्यांतल्या बायका. तिने दोन दिवसांत गोष्ट लिहिली. लग्न होऊन गेलेली लेक खूप वर्षांनी आईच्या घरी येते. आई कामात असते. लेक दारात उभी राहते. एवढीच गोष्ट. म्हातारी आई करायची आजीने, लेक करायची आईने, आणि लेकीची लेक म्हणून दारात उभं राहायचं तिने स्वतः. कॅमेरा धरायला एक मैत्रीण येणार होती.

"मला नाटकं जमत नाहीत," आजी म्हणाली.

"नाटक नाही आजी, तू खुर्ची विणत बसायचंस. चार वाक्यं आहेत."

"ही युक्ती तुझी की तुझ्या आईची?"

"माझ्या मार्कांची."

आजीने डोळे बारीक करून नातीकडे पाहिलं. "मार्कांसाठी असेल तर करते. आवाज आहे तोवर वापरून घे, नंतर भाड्याने आणावा लागेल."

शूटिंगच्या दिवशी मैत्रीण सकाळीच आली. खिडकीला पांढरा कपडा लावला, एका काठीला दिवा बांधला, खुर्च्यांचे ढीग मागे सरकवले. दारापुढे गल्ली गोळा झाली. त्यांना सांगितलं की आवाज करायचा नाही, तर त्यांनी एकमेकांना गप्प करण्यातच जास्त आवाज केला. सासू नेहमीच्या जागी चौकटीपुढे बसली. सून पहिल्यांदाच त्या खोलीत खाली बसलेली नव्हती, दारात उभी होती, हातात पिशवी. हात कुठे ठेवायचे ते तिला कळेना.

मैत्रिणीने खूण केली.

"आई, मी आले," सून म्हणाली. सुरुवातीला लिहिलेलं तेवढंच होतं.

सासूने मान वर केली. हातातला वेत मांडीवर ठेवला, आणि सुनेच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "उशीर केलास. ये, बस. दमली असशील."

दारातली माणसं आपोआप गप्प झाली. मी तिथे होतो. मी नाटकं पाहिली आहेत, जत्रेतली आणि तंबूतली, पण असं बोलणं ऐकलं नव्हतं. त्या फाटक्या आवाजात ओल्या वेताचा लवचीकपणा होता. सून बघतच राहिली. तिला पुढचं वाक्य बोलायचं होतं, 'रागावली आहेस का?', पण तिच्या ओठांवर काही येईना.

"कट," मैत्रीण म्हणाली.

सासूने लगेच तोंड फिरवलं. "सांग तुझ्या आईला, तीनच शब्द आहेत. तेही तोंडात बसत नसतील तर मला दोघींचं बोलू दे."

लोक हसले. सूनही हसली.

दुसऱ्यांदा तिने ते वाक्य म्हटलं, पण अडखळत. तिसऱ्यांदा पिशवी हातातून पडली. आणि प्रत्येक वेळी सासू पुन्हा तिच्या डोळ्यांत बघायची आणि पुन्हा म्हणायची, ये, बस, दमली असशील. एकदाही पहिल्यापेक्षा कमी नाही. चौथ्यांदा सून चुकली तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ही बाई चुकत नाही. एवढी वर्षं जिने एक पदर वाकडा जाऊ दिला नाही, तिला तीन शब्द चुकतील कसे? ती चुकत होती, कारण चुकलं की पुन्हा घ्यावं लागतं, आणि पुन्हा घेतलं की सासू पुन्हा तिच्याशी बोलते. उपाशी माणूस पंगतीत पान उचलू देत नाही, तसं झालं होतं तिचं.

आणखी दोनदा झालं. कानाला यंत्र लावून बसलेली मैत्रीण पोरीला हळूच म्हणाली, "आजींचा आवाज जातोय गं." सासूने पाण्याचा घोट घेतला आणि गिळताना तिचा चेहरा असा आवळला की बघणाऱ्यांनी माना खाली घातल्या. पोरीने आईला मागच्या खोलीत ओढलं. पडद्याआड बोलल्या तरी आम्हाला ऐकू आलं.

"आई, मुद्दाम करतेस?"

"हो."

"अगं, का?"

"माझ्याशी बोलतेय ती."

"ते मी लिहिलंय आई."

"माहीत आहे मला. तूच लिहिलंस, तेवढं तरी."

"तिचा घसा फाटतोय. आहे तो आवाज तू संपवतेयस."

सून बाहेर आली तेव्हा तिचं तोंड राखेसारखं झालं होतं. ज्या आवाजासाठी ती तहानलेली होती, त्याच्याच विहिरीत तिने पोहरा आपटून आपटून गाळ वर काढला होता, हे तिला कळलं होतं. ती दारात उभी राहिली. मैत्रिणीने खूण केली.

"आई, मी आले."

"उशीर केलास. ये, बस. दमली असशील." आता आवाज नव्हताच, नुसता वारा होता.

आणि सून लिहिलेलं बोललीच नाही. गोष्टीतली लेक आईला तू म्हणायची. ते 'तू' कुठल्या कुठे गेलं. "आई, मी तुम्हाला सांगायला हवं होतं. डबा भरला तेव्हा तुम्ही आत झोपला होतात. दोनदा तुमच्या अंथरुणापर्यंत आले. दोनदा परत गेले. त्यांनी शब्द घेतला होता माझ्याकडून. मला वाटलं, महिन्याभरात येतील आणि तुम्ही दोघांनाही रागवाल. मला एवढंच वाटलं होतं, आई."

मैत्रीण कॅमेऱ्यामागे तशीच थांबली. पोरगी दारात उभी होती, तिने ओठ दाताखाली धरले होते. सासू सुनेकडे बघत होती. तिने तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. मग ती म्हणाली, "राग कधीच गेला. तू यायची राहिली होतीस."

पोरीने कागदावर लिहिलेलं शेवटचं वाक्य होतं ते. शब्दाला शब्द. काना ना मात्रा इकडचा तिकडे.

सून वाट बघत उभी राहिली, याच्या पुढे काही येईल म्हणून. सासू नातीकडे वळली. "झालं का? झालं असेल तर तुझ्या मैत्रिणीला म्हणावं दिवा विझव, डोळ्यावर येतोय."

गल्लीत त्यावर महिनाभर वाद चालला. समोरची म्हातारी म्हणे, ते सुनेलाच बोलली, कागद नुसता निमित्ताला. न्हावी म्हणे, छे, म्हातारी कलाकार आहे, शब्द पाठ केला तो म्हटला. सुनेला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी तिलाही ठाऊक नव्हतं. सासूपुढे उभी राहून तिने मन रिकामं केलं होतं, आणि हातात आलं ते पोरीच्या अक्षरातलं.

ऑपरेशनच्या सकाळी तिघी दवाखान्यात होत्या. सासूला हिरवा सदरा घातला होता, चष्मा काढून नातीकडे दिला होता. परिचारिका नाडी बघत होती. पोरगी डॉक्टरांशी बोलायला गेली होती. सून पलंगाच्या पायाशी उभी.

"सोबत कोण आहे, आजी?" परिचारिकेने विचारलं.

"सून आहे." आवाज फार बारीक आला. "तिला सांगा, टाक्यात वेत पडलाय. काढून ठेव म्हणावं. काळा पडेल."

परिचारिकेने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. "त्या इथेच तर आहेत, आजी. तुम्हीच सांगा की."

"जवळ आहे म्हणून तर हळू सांगतेय," सासू म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

सुनेला काय करावं ते सुचेना. थांबावं तर शेवटचं सांगितलेलं काम मोडलं. जावं तर सासू ऑपरेशनच्या दारातून आत जाताना आपण नाही. वेताचं नुकसान म्हणजे किती, एक जुडी. तिलाही ते कळत होतं. पण सासूच्या तोंडून तिच्यासाठी निघालेलं, कुणी लिहून न दिलेलं, दुसरं काहीच तिच्याकडे नव्हतं. परिचारिकेच्या हातून का होईना, तिला आलेला निरोप होता तो. ती गेली. धावत गेली असं लोक सांगतात. वेत काढला, दोरीवर टांगला, पाणी ओतून टाकलं आणि तशीच ओल्या हातांनी परत आली.

पोरगी बाकावर एकटी बसली होती.

"नेलं आत?"

"आत्ताच. तू कुठे गेली होतीस? आजी दारापाशी मान वळवून बघत होती."

"कुणाला?"

"काय माहीत. चष्मा माझ्याकडे होता."

सून पोरीशेजारी बसली. दार उघडलं की ती उठायची, दुसऱ्याच कुणासाठी उघडलेलं असलं की बसायची. दुपार कलली तरी तिचे हात तिने पुसले नव्हते, ते आपोआप वाळले.

म्हातारी जगली. गळ्यावर पांढरी पट्टी, पट्टीखाली श्वासाचं छिद्र. ती घरी आली, आठवड्यांनी उठून बसली, आणि एक दिवस कुणी न सांगता चौकटीपुढे जाऊन बसली. लिहायला तिला येत नव्हतं. मग तिने बोटांची भाषा काढली. दोन बोटं ओठांवर म्हणजे चहा. तळहात उलटा म्हणजे नको. मूठ हलवली म्हणजे खुर्ची पक्की झाली नाही, अजून दोन दिवस.

पोरीने चित्रपट पुरा करायला घेतला तेव्हा आईला विचारलं, "शेवटचा जो झाला ना, तू मनातलं बोललीस तो, तो सगळ्यात चांगला आहे. ठेवू?"

"त्यात तिचा आवाज फाटलाय. पहिला ठेव."

"पहिल्यात तू काही बोलतच नाहीस, नुसती बघतेस."

"मग तोच ठेव."

पोरीने तसंच केलं. मार्क चांगले मिळाले. एका दुपारी तिने फोनवर आजीला चित्रपट दाखवला. आजीने तो नाकाजवळ धरून पाहिला. संपला तेव्हा हवेत बोट फिरवलं, पुन्हा लाव. तीनदा पाहिला. सून मागच्या खोलीत भांडी घासत होती. प्रत्येक वेळी तो आवाज आला, ये, बस, दमली असशील, की तिचा हात भांड्यात थांबायचा, आणि आवाज संपला की घासणं पुन्हा सुरू व्हायचं. सासूला काय वाटलं ते बघायला ती बाहेर आली नाही. पुढे पोरीला दुसऱ्या शहरात काम लागलं आणि ती गेली.

घरात दोघीच राहिल्या. गिऱ्हाईक आलं की सासू बोटं हलवते आणि सून सांगते. "आई म्हणतात, पायही सैल झालेत, ते आधी सुताराकडून करून आणा." "आई म्हणतात, या खुर्चीवर तुम्ही उभे राहून पंखा पुसता, नाही म्हणू नका." गिऱ्हाईक हसतं. न्हावी म्हणतो, म्हातारीची जीभ गेली नाही, नुसती सुनेच्या तोंडात राहायला आली. आणि ते खरंच आहे. सासूचे टोमणे ती इतके बरोबर सांगते की ऐकणाऱ्याला आवाजही तोच वाटतो. साऱ्या गावाला ती सासूचं बोलणं पोचवते. तिच्यासाठी मात्र चहा-कामापलीकडे सासू कधी बोट उचलत नाही. आता मध्ये निरोप न्यायला कुणी नाही, त्यामुळे थेट न बोलायला तेही कारण उरलेलं नाही.

एकदाच झालं. आरामखुर्चीवालं गिऱ्हाईक निघून गेलं होतं. सून खाली बसायला वाकली, तेवढ्यात सासूने तिच्याकडे बघून उजव्या हाताची बोटं जुळवली, छातीपाशी नेली, उघडली, आणि हात मांडीवर ठेवला. चहा नव्हता तो. पाणी नव्हतं. कामाची कुठली खूण तशी नव्हती.

"काय आई?" सून म्हणाली. "पुन्हा सांगा. मला नाही कळलं."

सासूने तळहात उलटा केला. नको. राहू दे.

त्या संध्याकाळी तिने पोरीला फोन लावला, चेहरा दिसतो तसा. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर म्हणाली, "अगं, बोटं अशी केली तर तुझ्या आजीच्या भाषेत काय होतं?" आणि तिने करून दाखवलं. जुळवलेली बोटं, छाती, उघडलेला हात.

पोरीने नीट पाहिलं. "पुन्हा कर." तिने पुन्हा केलं. "नाही गं, मी असताना असं कधी केलं नव्हतं तिने. तू तिथेच आहेस ना? तिलाच विचार की."

"विचारलं," सून म्हणाली.